टोपातला शेवटचा थर

यातलं जे मी स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगतो. जे ताईकडून ऐकलं ते ऐकलं म्हणून. तिसरं काही यात नाही. तोल्मिनहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवणं हा माझा धंदा आहे. ही मी पाठवली नाही.

जागा म्हणजे बाचा नदीच्या दरीतलं माझ्या ताईचं घर. डांबरी रस्ता तिथे संपतो. पुढे पायवाट वर चढते, ती झाक्राय नावाच्या वाडीला जाते. वाडीत आता कुणी राहत नाही.

दिवस पहिला नोव्हेंबर. सर्व संतांचा.

आणि मी पाहिलं ते सुरू झालं तेव्हा रात्र नव्हती.

लख्ख दुपार होती.

माझे दाजी, सिल्वो, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सैनिकांच्या डोक्यावरचे जुने पोलादी टोप साफ करतात. आमच्या दरीत टोपांना तोटा नाही. पहिल्या महायुद्धाची आघाडी इथूनच गेली. सैनिक गेले, टोप राहिले. कुणी त्याला दांडा ठोकून शेणखत उपसलं, कुणी त्यात डुकराला खायला घातलं. बहुतेकांनी आतून चुना फासून त्यात कोंबडी बसवली. चुन्याने उवा होत नाहीत.

त्यामुळे टोपात चुना दिसला की आमच्याकडे कुणी विचारत नाही. कोंबडीचं घरटं, झालं.

चूक तिथेच झाली.

तो टोप दाजींना झाक्रायमध्ये सापडला. त्यांच्या आईच्या, तिल्का मावशीच्या, माहेरच्या पडक्या घरात, लाकडांच्या ढिगामागे. आत चुन्याचा जाड लपका. माथ्यावर एक भोक, त्यात लाकडी खुंटी ठोकलेली.

ताई दारातच उभी होती.

"आता हे काय आणलंस?"

"कोंबडीचा राजवाडा."

"अंडी कुठायत मग?"

"कोंबडी गेली गं. सम्राटासाठी लढताना."

"माझ्या भांड्यांच्या ब्रशला हात लावलास तर तूही जाशील."

गावाच्या वाचनालयात युद्धाची एक खोली सजवायची होती. त्यासाठी हा टोप. दाजींनी तो खिडकीत धरून नुसत्या नजरेने ओळखला. इटालियन टोप पातळ पत्र्याचा, वर तुरा असलेला. हा जाड. रिव्हेट नेहमीपेक्षा वर. एका ठिकाणी चुना उडाला होता, तिथे मातकट तपकिरी रंगाचा कण दिसत होता. म्हणजे आपल्याच बाजूचा, सम्राटाच्या फौजेचा, सतरा सालचा.

"आता एकच बघायचं," ते मला म्हणाले. "मागच्या कडेला आतून सैनिक पोरं आपलं नाव रंगवायची. नाव निघालं तर याला काचेची वेगळी पेटी."

नावासाठी चुना काढायला हवा होता.

त्या दिवसांत घरात सगळ्यांच्या मनात दुसरीच गोष्ट होती. तिल्का मावशीला न्यूमोनिया होऊन गेला होता. दवाखान्यातून घरी आणलं, पण पायांत जीव उरला नव्हता. पलंगावरून खुर्चीत बसवायचं तर दाजी उचलून न्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा हिवाळा निघाला तर म्हातारी तरली.

झाक्रायमध्ये जन्मलेल्यांपैकी ती एकटीच उरली होती.

दाजींचं काम हळू चालतं. तारेचा ब्रश नाही, आम्ल नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे, आणि चुना मऊ झाला की लाकडाच्या कामटीने एकेक पापुद्रा सोडवायचा. खालच्या रंगाला ओरखडा गेला तर सगळं फुकट.

एक थर निघाला. त्याखाली काजळीची बारीक काळी रेघ. त्याखाली पुन्हा चुना.

दाजींना तेव्हाच नवल वाटलं होतं. कोंबडीच्या घरट्यात काजळी कशी?

त्या संध्याकाळी ताई मावशीला सूप भरवत होती. मावशी मधेच म्हणाली,

"लोय्झ आला होता."

"कोण लोय्झ, आई?"

"आमचा. वाडीवरचा. ओट्यावर बसलाय बघ. त्याला विचार, जेवलास का."

लोय्झ झाक्रायचा शेवटचा रहिवासी. त्याला पुरून बरीच वर्षं झाली होती.

दाजी म्हणाले, ताप असेल.

ताप नव्हता.

ताईच्या घरात पावाची मोठी भट्टी आहे, भिंतीत बांधलेली. तिच्याभोवती बसायला ओटा. भट्टी पेटली की ओटा ऊन होतो. हिवाळ्यात सगळं घर तिथेच बसतं, आणि मांजर तर तिथून हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ताई बटाटे सोलायला ओट्यावर टेकली, आणि उठली.

ओटा ऊन होता. पण मधेच एक जागा...

गार.

एक माणूस बसेल, तेवढीच.

मांजर ओट्यावर नव्हतं. अंगणातल्या लाकडांवर अंग चोरून बसलं होतं. आत यायला तयार नव्हतं.

पुढचा थर निघाला. मावशी म्हणाली, युस्ता आलीये, तिला शाल द्या. ओट्यावर आणखी एक जागा गार पडली.

त्याच्या पुढचा निघाला. मावशी म्हणाली, तोने आला, केवढा वाळलाय.

ताईने हे मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

"रादो, वाडीत शेवटी कोण गेलं? लोय्झ. त्याच्या आधी युस्ता. तिच्या आधी तोने. आई उलट्या क्रमाने नावं घेतायत."

"त्यांना आठवत असेल."

"आठवेल ना. पण सिल्वोने थर काढला की त्याच दिवशी? त्या पलंगावर, तो मागच्या खोलीत. त्यांनी तो टोप अजून बघितलेलासुद्धा नाही."

"मग दाजींना थांबव."

"सांगितलं. म्हणतो, अर्धवट सोडला तर गंज चढेल."

इथपर्यंत ऐकलेलं. आता पाहिलेलं.

पहिल्या नोव्हेंबरला मी कबरींवर ठेवायची शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन ताईकडे गेलो. ताईने सकाळीच पाव भाजले होते. त्या दिवशी आमच्याकडे मृतांसाठी छोटे पाव करतात. रात्री टेबलावर पाव आणि दूध ठेवून घरचे लवकर निजतात. ज्यांना यायचं ते येतात, खातात, जातात.

बाहेरून गारठून आलेलो. सरळ ओट्यावर बसलो.

उठलो.

हाताने चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. गार. गार. गार. दाराकडच्या टोकाला एका माणसापुरती ऊन जागा उरली होती.

ओटा भरला होता.

ताई माझ्याकडे बघत होती. "आता हस की," ती म्हणाली.

दाजींनी मला मागच्या खोलीत नेलं. टोप बराचसा मोकळा झाला होता. आत चुन्याचा एकच थर राहिला होता, अंड्याच्या टरफलासारखा.

"आता ऐक, आवाज कसा मोकळा झालाय ते."

त्यांनी माथ्यावरची खुंटी काढली, भोकातून दोरी ओवून टोप लटकता धरला, आणि कामटीच्या टोकाने कडेवर हलकेच टिचकी मारली.

टण्ण्ण...

आवाज बारीक होता. पण संपेना. खिडकीच्या काचेत, माझ्या दातांत, कितीतरी वेळ.

आणि मधल्या खोलीतून मावशीची हाक आली. एवढा चढा आवाज मी तिचा महिनोन्महिने ऐकला नव्हता.

"सिल्व्या! कोण गेलं?"

आम्ही धावलो. ती पलंगावर उठून बसली होती. जिला उशी लावून बसवावं लागायचं, ती.

"कोण गेलं? घंटा कुणाची वाजली?"

"घंटा नाही गं, आई. टोप आहे. तुझ्या घरात सापडला. कोंबडीचं घरटं..."

"आण इकडे."

दाजींनी आणला. तिने हात लावला नाही. आत बघितलं.

"गाढवा, ही आमची मरणाची घंटा आहे."



मग ती बोलली. दम लागत होता, पण वाक्य तुटलं नाही. तोफा ओतायला सरकार चर्चच्या घंटा काढून नेत होतं. झाक्रायची घंटा काढायलाही शिपाई आले. वाडीला ती एकच घंटा. कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की तीच वाजायची.

"घंटा नेली," मावशी म्हणाली. "पण त्यांच्यातला एक जण मागे राहिला."

"राहिला म्हणजे?"

"राहिला."

तिच्या आजीने त्याचा टोप घंटेच्या जागी टांगला. पहिल्यांदा ती वाजली त्याच्यासाठीच. मग वाडीतल्या प्रत्येकासाठी. माणूस पुरून आलं की घंटेला आतून चुन्याचा एक हात द्यायचा. देताना मेलेल्याचं नाव घ्यायचं. मग त्याच्याच उशाची मेणबत्ती आत धरायची. म्हणजे ते माणूस निजतं.

"तू सगळ्यांना उठवलंस," ती मुलाला म्हणाली.

 ताईने विचारलं, "ते तुम्हाला न्यायला आलेत का, आई?"

"छे. आपली माणसं आहेत. उठवलं म्हणून आली. आज पाव-दूध घेतील, जातील. त्यांना घर माहितीये." तिने टोपाकडे बोट केलं. "पण तो खालचा... त्याला घर नाही. तो उठला तर कुठे जाईल? ज्यांनी त्याला ठेवून घेतलं, त्यांच्यातली मीच उरलेय. तो थर राहू दे, सिल्व्या. मला हा हिवाळा बघायचाय."

"नाही काढत, आई. तुझ्या गळ्याची शपथ."

मी विचारलं, "त्याचं नाव काय होतं, मावशी?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"आजीने मला सांगितलंय. मी सांगणार नाही. नाव घेतलं की तो वळून बघतो."

दाजींनी शब्द पाळला. ती कामटी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, मी तिथेच होतो.

पण टोप ओला होता. ओलं पोलाद तसंच ठेवलं तर रात्रीत गंजतं. त्यांची नेहमीची पद्धत अशी, की पाव काढून घेतले की भट्टीत जी कोमट ऊब उरते, तिच्यात टोप ठेवायचा. तो हळूहळू कोरडा होतो. सगळे टोप त्यांनी तसेच वाळवले होते. सवयीने हाही ठेवला, आणि आम्ही दोघे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेलो.

परतलो तेव्हा दिवेलागण होत होती. दाजींनी भट्टीचं झाकण उघडलं.

चुना आपोआप सुटला होता.

विटांवर पांढऱ्या खपल्या पडल्या होत्या. टोप आतून नागडा.

दाजी तो घेऊन दिव्याखाली बसले. मागच्या कडेला आतून नाव रंगवलेलं होतं, खरंच होतं. पण कुणीतरी चाकूने खरवडून काढलेलं. एका अक्षराची शेपटी तेवढी राहिली होती.

मग त्यांनी माथ्यावरच्या भोकावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"रादो, हे दोरीसाठी पाडलेलं नाही."

"म्हणजे?"

"ड्रिलने भोक गोल पडतं. हे चौकोनी होतं, कानशीने नंतर गोल केलंय. आणि कडा बघ. सगळ्या आत वळल्यात. वरून घाव बसलाय. कुणाच्या तरी डोक्यावर टोप असताना." त्यांनी टोप खाली ठेवला. "टिकावाचा."

आम्ही मावशीला काही सांगितलं नाही.

सांगायची गरज नव्हती.

"दार लावून घ्या," ती आतून म्हणाली.

"लावलेलंच आहे, आई."

"मग उशीर झाला. तो आत उभा आहे."

मी दाराशी गेलो. फरशी भट्टीच्या उबेने कोमट होती. उंबऱ्याच्या आत मात्र एका जागी बुटांच्या तळव्यांतून गारवा वर चढला. दोन पावलं मावतील एवढीच जागा.

ताईने टेबलावर पाव मांडले, दुधाचे वाडगे भरले. एक वाडगा आणि एक पाव दाराजवळ स्टुलावर ठेवला.  मावशी जागीच होती. ताई तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसली, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. दाजींना आणि मलाही झोप लागली. अशा रात्री झोप लागायला नको होती.

सकाळी उठलो तर बाहेर वर्षातला पहिला बर्फ पडला होता.

मावशीचा पलंग रिकामा होता.

टेबलावरचं दूध होतं तसं. दाराजवळच्या वाडग्यातलं दूध मात्र गोठून दगड झालं होतं. भट्टीत निखारे असताना.

दार उघडलं.

बर्फात पावलांची एकच रांग. पायवाटेने वर, झाक्रायकडे. मोठे, जड बूट, तळव्याला खिळे ठोकलेले. आता असे बूट कुणी घालत नाही. ठसे खोल होते. ओझं उचललेल्या माणसाचे असतात तसे.

वर जाणारे.

परत येणारा एकही नाही.

आम्ही ठशांमागे चढलो. वाडीच्या चर्चला आता छप्पर नाही, पण घंटेची तुळई आहे. तिच्याखाली भिंतीला टेकून मावशी बसली होती. डोक्याचा रुमाल नीट बांधलेला. गोधडी गुडघ्यांपर्यंत. पाय अनवाणी, कोरडे, स्वच्छ. त्यांना बर्फाचा कणही लागलेला नव्हता.

ती गेली होती.

तोंड थोडं उघडं होतं. एखादं नाव घेता घेता थांबावं तसं.

ठसे तिच्यापाशी संपत होते. मी चर्चला पूर्ण फेरी मारली. चहूबाजूंना बर्फ कोरा.

डॉक्टरांनी थंडी आणि हृदय लिहिलं. पोलिसांनी ठशांचे फोटो काढले, दरीत चौकशी केली. कुणाकडे तसे बूट मिळाले नाहीत. त्यापुढे काही झालं नाही.

मावशीला पुरून आम्ही घरी आलो. ताई ओट्यावर बसली आणि रडायला लागली. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत ऊन होता. मांजर आपणहून आत आलं आणि तिच्या मांडीवर चढलं.

वाडीची माणसं गेली होती.

दाजी मागच्या खोलीत गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

टोप टेबलावर होता. आतून पांढरा. चुना अजून ओला होता, आणि त्यावर मेणबत्तीच्या काजळीची गोल रेघ.

त्या घरात चुना नव्हता. दाजींनी लावला नाही, ताईने नाही, मी नाही.

 दाजी म्हणाले,

"हा आईचा थर."

"हो."

"मग त्याचा कुठाय?"

चुना देताना नाव घ्यावं लागतं. त्याचं नाव फक्त मावशीला माहीत होतं.

आता दाजींनी चुना आणून बादलीत भिजवून ठेवला आहे. नाव मिळालं की द्यायचा. मी जिथे जिथे विचारता येईल तिथे विचारलं. घंटा नेल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. मागे राहिलेल्याचं कुणालाच नाही. दाजी रोज टोप उजेडात धरून ती अक्षराची शेपटी वाचायचा प्रयत्न करतात. टोपाचा कारखाना, साल, माप, सगळं त्यांना सांगता येतं. माणूस सांगता येत नाही.

हिवाळाभर दाराजवळची जागा गार होती. ताईने तिची सवय करून घेतली. ती तेवढी जागा टाळून झाडायची.

काल तिचा फोन आला.

"दाराजवळची जागा आज ऊन लागली, रादो."

"बरं झालं की. गेला असेल."



म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आलं. मावशी वाडीत जन्मलेली शेवटची होती. पण वाडीचं रक्त तिच्यापाशी संपलं नव्हतं.

"ताई, दाजी काय करतायत?"

"ओट्यावर बसलाय. टोप मांडीवर घेऊन." ती मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळा ओटा मोकळा आहे रे. आणि हा... सरकून बसलाय. शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी तसा."